नाट्यगीतांचा रॉक अल्बम: ध्वनिमुद्रणाच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

९ जून

सहा पदं पक्की झाली. ‘सौभद्र’मधली दोन, ‘शारदा’मधलं एक, ‘मानापमान’मधलं एक आणि ‘स्वयंवर’मधली दोन. आवडीइतकाच कायद्याचाही विचार करून ही निवड केली. आपल्याकडे शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ती वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. या पदांचे शब्द आणि चाली करणाऱ्यांपैकी अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६, भास्करबुवा बखले १९२२, खाडिलकर १९४८, गोविंदराव टेंबे १९५५. या सगळ्यांत शेवटचा हक्क २०१५च्या अखेरीस संपला.

‘संन्यस्त खड्ग’मधलं एक पद फार मनात होतं, ते बाजूला ठेवावं लागलं. चाल वझेबुवांची, ते १९४५ साली गेले, त्यामुळे चालीची अडचण नाही. पण शब्द सावरकरांचे आणि ते १९६६ साली गेले, म्हणजे शब्दांवर ३१ डिसेंबर २०२६पर्यंत हक्क आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं उलटल्यावर कव्हर, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन ध्वनिमुद्रण, करता येतं. पण त्यासाठी १५ दिवस आधी नोटीस द्यायची, किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं आणि ज्या माध्यमात आधीचं शेवटचं ध्वनिमुद्रण आलं त्याच माध्यमात काढायचं. छोट्या अल्बमला हे झेपत नाही. थेट हक्कधारकाकडून परवाना घेणं हा दुसरा मार्ग, पण त्याला लागणारे महिने या वेळापत्रकात बसत नाहीत.

इथे एक खबरदारी. पद जुनं असलं तरी आज कानावर असलेली चाल जुनीच असेल असं नाही. पुढच्या गायकनटांनी आणि संगीतकारांनी कित्येक पदांना नव्या चाली लावल्या. प्रत्येक पदाची चाल कुणाची, हे आधी लिहून काढलं आणि मगच वाद्यांना हात लावला. जुन्या रेकॉर्डचा एक सेकंदही उचलायचा नाही, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षांचा आहे.

१६ जून

गायकाचा सूर काळी दोन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी हा त्याचा षड्ज. सगळी पदं याच सुरात घ्यायची ठरलं, म्हणजे गिटारी पुन्हापुन्हा लावाव्या लागणार नाहीत.

पायपेटी आणली. नाटकातल्या ऑर्गनचा रंग या पदांतून काढला तर ती ओळखूच येत नाहीत, त्यामुळे पेटी सगळ्या अल्बमभर असेल. सूर मोजला: मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झऐवजी ४४४ निघाली, म्हणजे जवळपास १६ सेंट वर (लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). पेटीच्या रीड्स (आतल्या पितळी स्वरपट्ट्या) घासून सूर खाली आणता येतो, पण शंभराहून जास्त रीड्स आणि जुनं पितळ, तो धोका पत्करायचा नाही. त्यापेक्षा बाकी सगळं पेटीला जुळवायचं. सगळे ट्यूनर, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, सिंथचं मास्टर ट्यूनिंग, सगळं ४४४वर. प्रत्येक यंत्रावर चिकटपट्टी लावून आकडा लिहिला. एखादं यंत्र बंद करून सुरू केलं की परत ४४०वर जातं, आणि चूक लगेच कळत नाही. तासभराने सगळं ‘बेसूर’ वाटू लागतं आणि दोष गायकाला लागतो.

१९ जून

‘नाथ हा माझा’ (स्वयंवर, यमन) हाती घेतलं. गिटारीच्या सहाही तारा अर्धा स्वर उतरवल्या की सहावी मोकळी तार काळी दोन होते, म्हणजे षड्ज आयता मिळतो. तिथवर छान वाटतं. पण मग उरलेल्या मोकळ्या तारा बघा: पाचवी शुद्ध मध्यम, चौथी कोमल निषाद, तिसरी कोमल गंधार. तिन्ही यमनात वर्ज्य. नुसत्या कंपनाने त्या घुमत राहतात आणि तीव्र मध्यमावर शुद्ध मध्यमाची सावली पडते. ओव्हरड्राइव्ह (गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका करणारी सोय) लावला की ही सावली मूळ स्वराइतकी मोठी होते. हाताने तारा दाबून बघितलं, गिटारीच्या गळ्याला कापडी पट्टी बांधून बघितलं. पट्टीने मोकळ्या तारा गप्प झाल्या, पण कॉर्डचा श्वासच गेला.

तोडगा असा: पाचवी, चौथी आणि तिसरी चढवून तारा सा–प–सा–ग–प–सा अशा लावल्या. नेहमीच्या लावणीच्या तुलनेत सहावी, दुसरी आणि पहिली अर्धा स्वर खाली, पाचवी आणि चौथी अर्धा स्वर वर, तिसरी जागच्या जागी. एकूण ताण जवळपास तोच राहतो, त्यामुळे १० ते ४६ मापाच्या नेहमीच्या ताराच चालतात आणि गळा वाकत नाही. तरी रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा सूर लावावा, कारण चढवलेल्या तारा पहिल्या दिवशी उतरतात.

या लावणीत एक बोट आडवं टाकलं की कॉर्ड. मोकळ्या तारांवर षड्जाची, दुसऱ्या फ्रेटवर रे–तीव्र म–ध, सातव्यावर प–नी–रे. तिन्ही यमनात बसतात. पाचव्या फ्रेटवर मात्र शुद्ध मध्यम येतो, तिथे हात जायलाच नको. रॉकमध्ये बोटांना सर्वांत जास्त सवय याच पाचव्या फ्रेटची असते, म्हणून फ्रेटच्या कडेला लाल ठिपका चिकटवला.

२४ जून

गंधाराचा दिवस.

ओव्हरड्राइव्हमध्ये सा–ग–प एकत्र वाजवलं की गढूळ घरघर येते, म्हणून रॉकवाले गंधार टाकून नुसता सा–प वाजवतात. पण यमनचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. तो फक्त गायकाच्या गळ्यात ठेवून गिटारीतून काढला तर पदाखालची जमीनच जाते.

घरघर का येते ते मोजून बघितलं. चौथ्या तारेचा सा १५७ हर्ट्झ. फ्रेटवरचा गंधार १९७.८, पंचम २३५.२. ध्वनी विकृत झाला की दोन स्वरांतल्या फरकाचा तिसरा स्वर निर्माण होतो. ग वजा सा ४०.८, आणि प वजा ग ३७.४. हे दोन एकमेकांशी भांडतात आणि सेकंदाला तीनहून जास्त हेलकावे येतात. तिसरी तार १४ सेंट उतरवली, म्हणजे तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार लावला, की ग १९६.२ होतो. दोन्ही फरक ३९च्या आसपास येऊन एक होतात. आणि बासच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा षड्ज आहे ३९.२! म्हणजे कॉर्डमधून निघणारा तो न वाजवलेला स्वर बासच्या सा वर जाऊन बसतो. पूर्ण गेनवर (आवाज फाटवणारी कळ शेवटपर्यंत फिरवून) कॉर्ड सोडली आणि खोलीत घरघरीऐवजी एकसंध, भरीव षड्ज उभा राहिला. या अल्बमचा सगळा आवाज या १४ सेंटांवर उभा आहे.

आडव्या बोटाच्या कॉर्डमध्ये हे प्रमाण सगळीकडे टिकतं, कारण तिसरी तार तेवढीच उतरलेली राहते. फक्त बोट जोरात दाबायचं नाही. तिसरी तार गुंडाळीची नसते, जास्त दाबली की सात-आठ सेंट सहज चढते आणि निम्मी मेहनत वाया जाते. सातव्या फ्रेटवर शेवटी काचेची स्लाइड वापरली.

पेटीचा गंधार मात्र समान सप्तकातला (बारा सारख्या अंतरांत वाटलेल्या सप्तकातला), १४ सेंट वर. दोघं एकत्र लांब ठेवले की हेलकावे येतात. म्हणून नियम: गिटारीची कॉर्ड लांबत असेल तेव्हा पेटीने सा–प धरायचा, गंधारावर थांबायचं नाही.

१ जुलै

गिटारीच्या लाइनवर ५० हर्ट्झची गुणगुण, आणि तार व माइक एकाच वेळी धरले की हाताला मुंग्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात १४ व्होल्ट दिसले. एक-दोन व्होल्टच्या वर जाता कामा नये. सॉकेटला तीन छिद्रं होती, पण अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नव्हती. इलेक्ट्रिशियनकडून नवी तार खड्ड्यापर्यंत ओढून घेतली, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घातलं. आता ०.८ व्होल्ट. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नये, गायकाचे ओठ माइकला लागलेले असतात.

७ जुलै

मार्गदर्शक टेक. गायक, तबला, पेटी, क्लिक (कानात लय मोजणारी टिकटिक) नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखर उणे १० डेसिबलच्या आत.

क्लिकवर आधी एकदा घेऊन बघितलं होतं. सूर लागला, शब्द लागले, पण तान संपवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यात जी ओढ असते ती गेली. म्हणून उलट केलं: आधी मोकळं गायचं, मग प्रत्येक समेवर खूण करून त्यावरून लयीचा नकाशा काढायचा. ‘नाथ हा माझा’ त्रितालात १२६ला सुरू होऊन शेवटी १३७ला पोचतं. मधल्या १३२ला एक आवर्तन ७.२७ सेकंदांचं. खूण फक्त समेवर करायची. दर मात्रेवर केली तर नकाशा थरथरतो आणि ड्रमरला पाय टाकायला जमीन राहत नाही.

१० जुलै

ड्रम्स. हॉल १८ बाय १२ फूट, उंची १०. जमिनीवर सतरंज्या, खिडकीच्या काचांवर गोधड्या, मागच्या भिंतीला गाद्या उभ्या. वरचे दोन माइक स्नेअरच्या (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) मध्यापासून दोन काठ्यांच्या लांबीवर, म्हणजे ३२ इंचांवर, सुतळीने मोजून लावले. किकपासूनही (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमपासूनही) दोन्ही माइकांचं अंतर सारखं ठेवलं. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी उलटवली. ही एक कळ विसरली की स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ होतो.

खरी अडचण तालात होती. १६ मात्रा म्हणजे चार-चारचे चार बार, म्हणून ड्रमरने सरळ रॉकचा ठेका धरला. प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर किक. सगळं मापात आणि तरीही पद लंगडं. ठेका लिहून काढल्यावर कळलं:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

डग्गा दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत गप्प असतो आणि चौदाव्याला परत येतो. नवव्या मात्रेच्या ‘धा’ला तो आहे, तेराव्याच्या ‘ता’ला नाही. किक म्हणजे आपला डग्गा. तेव्हा किक नवव्याला मारायची, दहा ते तेरा रिकामी ठेवायची आणि चौदाव्याला परत आणायची. रॉकच्या हातापायांना तेराव्या मात्रेवर, म्हणजे चौथ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर, किक हवीच असते. ती सोडणं हे सगळ्यांत अवघड काम ठरलं. पाय आपोआप पडतो. शेवटी त्या चार मात्रांत उजवा पाय पेडलवरून उचलून जमिनीवर टेकवायचा असं ठरवलं, आणि तेव्हा कुठे सातवा टेक लागला. खालीत, म्हणजे डग्ग्याविना जाणाऱ्या या भागात, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) बंद आणि स्नेअरची नुसती कड. चौदाव्याला किक परत येते तेव्हा समेचा अंदाज तीन मात्रा आधी लागतो, गायकाला आणि ऐकणाऱ्यालाही.

११ जुलै

‘मूर्तिमंत भीती उभी’ (शारदा) तीन टेकमध्ये पूर्ण. चाल सरळ, शब्द पुढे, ड्रम्स मागे. जास्त काही करायची गरज नाही.

२२ जुलै

आठवडाभर पावसाची झड. तबल्याचा दायाँ सकाळी लावला की तासाभरात उतरतो. पुडी ओलावा धरते, वाद्या सैलावतात. खोलीत आर्द्रता मोजली तर ८८ टक्के. डिह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवून ६०वर आणली, टेकच्या वेळी बंद. प्रत्येक टेकच्या आधी गट्टे ठोकून सूर पाहायचा, टेकनंतरही पाहायचा. पाच सेंटांहून जास्त उतरला असेल तर टेक बाद. गिटारीच्या गळ्याचा बाकही दमट हवेत वाढला, ट्रस रॉड (गळ्यातली बाक सांभाळणारी सळई) पाव फेरा घट्ट केला.

४ ऑगस्ट

ऱ्हिदम गिटार. १२ इंची स्पीकरसमोर शुअर एसएम५७, जाळीपासून अडीच सेंटिमीटर, मधल्या टोपीच्या कडेवर रोखलेला. मध्यावर नेला की कर्कश, बाहेर नेला की कोंदट. अंगठ्याएवढ्या अंतरात सगळा फरक पडतो. गेन मनात येतो त्यापेक्षा एक तृतीयांश कमी. तोच भाग दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकायचा आहे, दोन टेक मिळून जाडी येतेच. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, आवाज फक्त मोठा होतो.

बास डीआय बॉक्समधून सरळ, स्पीकर आणि माइकशिवाय. बास ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हॉलची उंची १० फूट, तिची घुमण्याची कंपनसंख्या ५६ हर्ट्झ. बासचा पंचम ५९. त्यामुळे इथे पंचम नेहमी फुगलेला आणि षड्ज अशक्त वाटतो. स्पीकरवर विश्वासून पंचम कापला तर बाहेर गाणं पोकळ होईल. बासची पातळी हेडफोनवरच ठरवायची.

१८ ऑगस्ट

गायन. माइकपासून २० ते २५ सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. एका कानात तानपुरा, दुसऱ्यात गिटार आणि तबल्याचा ठेका. क्लिक कानात द्यायचा नाही. तो हेडफोनमधून गळून माइकमध्ये येतो आणि शेवटच्या लांब स्वरावर टिकटिक ऐकू येते. तानपुरा गळला तरी सुरातच असतो, चालून जातं. संगणकाचा बफर (आवाज परत पाठवण्याआधी साठवण्याची मात्रा) १२८ सॅम्पल, त्याहून जास्त ठेवला तर आवाज मागून येतो आणि तान अडखळते.

रुक्मिणीचं हे पद रंगभूमीवर बालगंधर्वांनी गायलेलं, म्हणून पुरुषाच्या आवाजात ते परकं वाटत नाही. रॉक म्हणून ओरडून गायचा मोह होतो. करू नये. आवाज ताणला की आकार बंद होतो आणि तानेतले दाणे सुटे राहत नाहीत. जोर गिटारी देतात, गळ्याने मोकळंच राहायचं.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आपोआप चालू ठेवायचं नाही. ते मींडेच्या पायऱ्या करतं आणि गंधार ओढून पेटीच्या जागी नेतं. गायकाने तानपुऱ्याबरोबर लावलेला गंधार मोजला, समान सप्तकापेक्षा १२ ते १५ सेंट खाली. तिसऱ्या तारेचा निर्णय बरोबर होता.

२५ ऑगस्ट

‘मम आत्मा गमला’ (स्वयंवर, बिहाग). इथे शुद्ध मध्यम आहे, म्हणजे पाचवा फ्रेट खुला. पण पूर्ण कॉर्ड धरली की धैवत येतो. बिहागात धैवत दुबळा, तो अवरोहात पंचमाकडे जाताना निसटता लागतो. त्यावर गिटार थांबली की राग बदलतो. म्हणून तिथे तिसरी तार दाबून गप्प करायची, फक्त म–सा वाजवायचा. तीव्र मध्यम गिटारीत कुठेच नाही, तो गळ्यापुरताच, पंचमाला चिकटून.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणेशोत्सव. ढोलाचा खालचा आवाज गोधड्या अडवू शकत नाहीत, माइक बंद. टेक निवडणं, श्वास आणि जोड साफ करणं एवढंच. तानेआधीचे श्वास ठेवले. ते काढले की पुढची तान कुणा यंत्राची वाटते.

१५ सप्टेंबर

मिक्स. गिटारी ९० हर्ट्झखाली आणि ८ किलोहर्ट्झच्या वर कापल्या, २.५ किलोहर्ट्झला ३ डेसिबल कमी केल्या. शब्दांची व्यंजनं तिथेच असतात, आणि नाट्यपदात शब्द कळला नाही तर काय उरलं? पेटी ३०० ते ८०० हर्ट्झमध्ये गिटारीशी भिडते. तिथे कापाकापी करण्यापेक्षा पेटी मध्यभागी आणि गिटारी कडेला नेल्या, प्रश्न सुटला.

आवाजावर कॉम्प्रेसर लावण्याआधी हाताने पातळी ओढली, ओळीओळीने. मग २:१, अटॅक १५ मिलिसेकंद, तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबायचं नाही. एकाच कॉम्प्रेसरवर सगळं सोडलं तर तान सुरू होताच आवाज मागे जातो, नेमका जिथे तो पुढे यायला हवा तिथे.

झांजा तानेवर येतात. क्रॅश फक्त समेवर ठेवली, बाकीच्या काढल्या.

६ ऑक्टोबर

मास्टर उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप), ट्रू पीक (सर्वांत वरचं टोक) उणे १. जास्त जोरात केलं तरी ऐकवणाऱ्या सेवा खाली आणतात, फक्त दाबलेपण उरतं. आणि खालीत जी जागा सोडली आहे ती दाबलेल्या मास्टरमध्ये भरून जाते, तेरावी मात्रा रिकामी वाटतच नाही. ते ऐकू यायलाच हवं.

माहिती भरताना पदकर्ता, चाल आणि नाटकाचं नाव व साल प्रत्येक ट्रॅकला लिहिलं. ‘पारंपरिक’ असं कुठेही लिहिलेलं नाही. कर्ते माहीत असताना तो शब्द लिहिणं त्यांच्यावर अन्याय आहे, आणि व्यवहारातही धोक्याचं: स्वयंचलित यंत्रणा जुन्या रेकॉर्डशी चाल जुळवून दावा लावते, तेव्हा उत्तराला नावं आणि मृत्यूची सालं लागतात. सहाही पदांची कागदपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवली. सातवा फोल्डर ‘संन्यस्त खड्ग’चा आहे. त्यात फक्त तबला, पेटी आणि गायनाचा सरावाचा टेक आहे, बाहेर कुठेही पाठवायचा नाही. वर तारीख लिहिली आहे: १ जानेवारी २०२७.